सुरमईचा जुना फळा

पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटलं: 'मागणी चुकीची आहे.' निरंजनचा चेहरा पडला आणि शाल्मलीला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगा, बरंच वाटलं तिला!

कोकणच्या समुद्रतळाशी तिच्या आजोबांची प्रयोगशाळा होती. काचेच्या भिंतीपलीकडे प्रवाळांची (इवल्या सागरी जीवांनी बांधलेल्या रंगीत खडकांची) बाग होती. ती राखणारी सुरमई नावाची यंत्रमासोळी नुकतीच कायमची बंद पडली होती. बागेतली कपार न् कपार तिला शाल्मलीनं शिकवलेली. आता तिच्या जागी नवा यंत्रमासा येणार, आणि त्याचा प्रोग्रॅम कोण लिहिणार? तर सुट्टीला आलेला हा आतेभाऊ! आजोबांच्या तोंडी ऊठसूट निरंजन, निरंजन. शाल्मलीचा नुसता जळफळाट होत होता.

"आजोबा, तुम्ही दिलेलाच क्रमांक टाकलाय मी," निरंजन रडवेला होऊन म्हणाला.

"थांब. यंत्र काय म्हणतंय ते आधी नीट ऐकू या. परवानगी नसती तर त्यानं 'परवानगी नाही' म्हटलं असतं. स्मृती भरली असती तर 'जागा नाही' म्हटलं असतं. ते म्हणतंय, मागणी चुकीची. म्हणजे तू मागतोस ते आणि तिथे आहे ते जुळत नाहीये."

मग त्यांनी समजावलं. माशाचे डोळे एक प्रोग्रॅम सांभाळतो, शेपटी दुसरा. दोघं बोलतात सामायिक स्मृतीतून (संगणकातली अशी जागा, जिथे अनेक प्रोग्रॅम लिहू-वाचू शकतात). ती वर्गातल्या फळ्यासारखी असते आणि प्रत्येक फळ्याला क्रमांक असतो.

"आता गंमत बघ," आजोबा म्हणाले. "प्रोग्रॅम बंद पडला तरी फळा आपोआप जात नाही. कुणी मुद्दाम काढेपर्यंत तो तिथेच राहतो."

कोणते फळे शिल्लक आहेत, हे त्यांनी संगणकाला विचारलं. त्याच क्रमांकाचा सुरमईचा फळा अजून होता, लहानसा. निरंजन त्याच क्रमांकानं मोठा मागत होता, मग संगणक 'हो' कसं म्हणणार? फळ्यापुढे आणखी एक नोंद होती: 'जोडलेले: एक.'

"सुरमई तर बंद आहे. मग हा एक कोण?" निरंजननं विचारलं.

शाल्मलीनं हातातला टॅब छातीशी घट्ट धरला. "मी. सुरमईला शिकवलेलं सगळं त्यावर आहे. रोज वाचते मी तो फळा. नाही सोडणार. बाग याला, मासा याला, तुम्हीसुद्धा याचेच!"

आजोबा तिच्याकडे वळले. "अगं, तुझ्यामुळे काही अडलेलं नाही. फळा काढायचा मीच विसरलो. आणि तू जोडलेली असताना तो काढला तरी काय होतं, सांगू? त्याचा क्रमांक मोकळा होऊन नव्या फळ्याला मिळतो. पण जुना फळा शेवटचा हात सुटेपर्यंत जसाच्या तसा राहतो. तुझ्याकडून कुणी काही हिसकावत नाहीये, बाळा."

आजोबांनी जुना फळा काढायची आज्ञा दिली. निरंजनला मोठा फळा मिळाला आणि काचेपलीकडे नवा मासा पोहू लागला. शाल्मलीनं घाईघाईनं टॅब पाहिला. खरंच, एक अक्षरही हललं नव्हतं.

बाहेर मात्र माशानं जांभळ्या प्रवाळाची फांदी मोडली.

"ताई, याला काहीच कळत नाही गं," निरंजन म्हणाला.

आपटू दे मेल्याला, असं शाल्मलीच्या मनात आलं. पण मासा वळला तो थेट त्या अरुंद कपारीकडे. तिथे ऑक्टोपसची मादी अंडी राखत बसली होती. सुरमईला ते ठाऊक होतं. या नव्याला कोण सांगणार?

शाल्मलीची बोटं भराभर चालली. जुन्या फळ्यावरचं सगळं तिनं नव्यावर उतरवलं. मासा कपारीच्या तोंडाशी थबकला आणि लांबून वळसा घालून गेला.

जुना फळा तिनं एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग तिनं आपली जोडणी सोडली. आजोबांनी संगणकाला पुन्हा विचारलं तेव्हा तो फळा कुठेच नव्हता. शाल्मलीचे डोळे भरून आले. आजोबांनी तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

निरंजन नवा फळा पाहत होता. सुरमईचं सगळं शहाणपण त्याच्या एका कोपऱ्यात मावलं होतं. "ताई, उरलेल्या जागेचं काय करायचं?"

"टेकडीमागची बाग अजून कुणी पाहिलीच नाहीये," ती नाक पुसत म्हणाली. "उद्या माशाला ती शिकवायची. मी शिकवणार."

"आणि मी?"

शाल्मलीनं उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला.

"मी सांगीन, तू लिही," ती म्हणाली. "पण मी सांगीन तेच लिहायचं."