परत न येणारे दोन लाख

आयतने सहीसाठी पेन टेकवलं, आणि समोरच्या माणसाने कागदावर चक्क पंजा ठेवला.

"हात काढा."

"काढतो... आधी सांगा, हे दोन लाख परत मिळतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

पनवेलच्या त्या ऑफिसात गाड्या तीन-तीन वर्षांसाठी भाड्याने मिळत. त्याच्या शर्टावर नाव होतं – फुजैल. नखं नीट कापलेली. (हे आपण कशाला बघितलं, तिचं तिलाच कळेना.)

"सांगायला कशाला हवं? आमचं घर हेवी डिपॉझिटवर आहे. पाच लाख भरले, भाडं नावाला. घर सोडलं की पाच लाख हातात. तसंच ना हे?"

"नाय –" तो घाईत गावच्या बोलीवर घसरला, लाजला. "म्हणजे, नाही."

त्याने कागद तिच्याकडे फिरवला, एकेक ओळ वाचू लागला.

डिपॉझिट, वीस हजार – गाडी धड परत केली तर मिळेल.

पहिल्या महिन्याचं भाडं, वीस हजार – गेलं.

प्रोसेसिंग फी, पाच हजार – गेली. कशाची, ते मलाही माहीत नाही.

आगाऊ रक्कम, दोन लाख –

इथे तो थांबला.

"ही भरली की महिन्याचे वीसचे साडेचौदा होतात. पण हे भाडंच आहे, आधी घेतलेलं. दुसऱ्याच महिन्यात गाडी चोरीला गेली, तर विम्याचे पैसे आमच्या कंपनीला... आणि तुमचे दोन लाख अल्लाला प्यारे."

आयतने पेन खाली ठेवलं. तीन वर्षं फिजिओथेरपी क्लिनिकात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून तिने ते साठवले होते. आता खारघरपासून मोरा बंदरापर्यंत, घराबाहेर पडू न शकणाऱ्या पेशंटकडे ती स्वतः जाणार होती. राजीनामा कालच दिला होता.

"आगाऊ भरू नका. एखादा महिना पेशंट कमी आले, तर हेच पैसे पाठीशी उभे राहतील."

"आणि तुमचं कमिशन?"

"ते... आगाऊ रकमेवरच असतं."

"मग हात का ठेवलात?"

तो पेनाचं टोपण लावत राहिला, काढत राहिला.

"गाडीत बसल्यावर सगळे आधी गाणी लावून बघतात. तुम्ही विचारलंत, म्हातारं माणूस मागे नीट चढेल का. तेव्हापासून..."

"तेव्हापासून काय?"

"काही नाही."

"जे असेल ते आधी सांगायचं. मागाहून निघालेलं मला चालत नाही."

त्याने श्वास घेतला. "वय एकोणतीस. राहतो कोन गावात. अम्मी कडक आहे. मी घोरतो. आणि... तुम्ही मला आवडलात."

"अर्ध्या तासात?"

"पंचवीस मिनिटं. पाच मिनिटं तुम्ही रागात होतात."

ती हसली नाही. या माणसाने स्वतःचं नुकसान करून घेतलं होतं, आणि ते तिच्याकडून भरून घ्यायचं त्याच्या मनातही नव्हतं. असं माणूस... तिने दोन लाखांचा चेक परत पर्समध्ये टाकला, आगाऊ रकमेशिवायचा नवा कागद मागितला. सही केली.

"गाडी न्यायला मंगळवारी येते. अब्बांना घेऊन."

"त्यांना गाडी दाखवायला?"

"गाडी," ती दार ढकलत म्हणाली, "मी बघितलीय."