सोळाचा भाव, अकरा वाजून सात मिनिटं

सांगलीच्या भावशास्त्र प्रयोगशाळेत त्या दिवशी दोन शास्त्रज्ञ, एक यंत्र आणि मेथीची एक जुडी हजर होती. मेथी कुमुदिनीबाईंची. त्या साक्षीदार म्हणून आल्या होत्या, पण नुसतं बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. साल होतं २०६१. चंद्रावर वस्ती होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी मेथी अजून हातानेच निवडावी लागायची.

यंत्राचं नाव हस्तशोधक. ते बनवलं होतं कुमुदिनीबाईंच्या लेकीने, डॉक्टर हेमांगी शेवडेने. मदतीला मिरजेचा सलीम मुजावर होता. पूर्वी तो बाजारात दलाल होता, मग त्याने गणितात नशीब काढलं.

"आई, आज कळेलच," हेमांगी म्हणाली. "बाबांनी शेअर विकले नव्हते हे यंत्राने दाखवलं, तर त्यांना घरी आणायचं. ठरलंय ना?"

"ठरलंय. आणि विकले असतील, तर तो तिकडे आणि मी इकडे. तेही ठरलंय."

बाबा, म्हणजे दिगंबर शेवडे, मिरजेच्या खोलीत बारा वर्षं एकटे राहत होते. वय ऐंशी, डोळे अधू. गेल्याच आठवड्यात शेगडीचा अंदाज चुकून हात भाजला होता. आणता आलं असतं तर तिने त्याच दिवशी आणलं असतं, पण घर आईचं होतं.

भांडण झालं ते सुवेळ घड्याळ कंपनीवरून. दिगंबरराव तिथे गजर विभागाचे प्रमुख. कुमुदिनीबाईंची तेवीस बायकांची भिशी. कुणाची भिशी फ्रिजवर जाते, कुणाची गोव्यावर. या भिशीने कुमुदिनीबाईंच्या शब्दावर सुवेळचे शेअर घेतले. मग कंपनी बुडत असल्याची बातमी आली, आणि बातमीच्या आदल्या दिवशी आतल्या कुणीतरी ढीगभर शेअर विकून टाकल्याचं कळलं. गावाने दिगंबररावांकडे बोट दाखवलं. कुमुदिनीबाईंनी तेवीस जणींना बोलावलं. ज्या डब्यातून भिशीच्या चिठ्ठ्या काढायच्या त्या डब्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, स्वतःही घेतली, की काही झालं तरी कुणी एकही शेअर विकायचा नाही. आणि घरी येऊन नवऱ्याची बॅग भरली.

"पण मावशी, यंत्र काय करतं ते तरी ऐका," सलीम म्हणाला. "भाव म्हणजे काय? एकाने मागितलं, दुसऱ्याने दिलं, दोघांचं जमलं. त्या क्षणी जो आकडा लिहिला जातो, तो भाव."

"म्हणजे लग्न."

"लग्नात नंतर बोलणी फिरतात. इथे लिहिलं की लिहिलं. कंपनीच्या जन्मापासूनचा एकेक सौदा असा लिहून ठेवलेला असतो. त्याला आम्ही भावपट म्हणतो."

"आणि प्रत्येक माणसाची मागण्याची एक ढब असते," हेमांगी पुढे झाली. "कुणी घाई करतं, कुणी आकडा टाकून दोनदा मागे घेतं. दारावरची बेल कशी वाजली यावरून तू ओळखतेस ना कोण आलंय? यंत्र तसंच ओळखतं. फक्त त्या माणसाचे थोडे जुने सौदे नमुन्याला लागतात. बाबांचे मी तुमच्या भांडणाआधीच्या जोडखात्यातून घेतले."

कुमुदिनीबाईंची मेथी थांबली. "जोडखातं? त्यात माझेही होते."

"असू देत की."

बाईंनी पुन्हा मेथी निवडायला घेतली, पण आता पानं कचऱ्यात आणि काड्या ताटात पडत होत्या.

सलीमने बटण दाबलं. हस्तशोधक घरघरला. भिंतीवर अक्षरं उमटली. बातमीच्या आदल्या दिवशी विकणारा हात: दिगंबर शेवडे नव्हे.

"बघ!" हेमांगी ओरडली.

"बघितलं. पण तो तर म्हणाला होता, विकणं राहू दे, मी उलट बातमीनंतर सात महिने रोज एक शेअर घेत होतो. अकरा वाजून सात मिनिटांनी, सोळा रुपयांना. तूच निरोप आणलास. मी तेव्हाच फोनवर जुना भाव काढून बघितला. त्या सात महिन्यांत सोळा रुपये एकदाही नाही. रोज आठ. ज्या माणसाला खोटंही धड बोलता येत नाही, त्याने विकले नाहीत हे तरी खरं कसं मानायचं?"

हेमांगीने त्या सात महिन्यांत रोज एक शेअर घेणारा शोधायला लावला. अक्षरं उमटली: एक शेअर घेणारा कुणीही नाही. रोज दोन शेअर, आठ रुपयांना.

म्हणजे बाबा तिच्याशीही खोटं बोलले होते? भाजलेल्या हातावर मलम लावताना ते म्हणाले होते, "आईला म्हणावं, मी रोज एक घेत होतो." तिने तो आवाज आठवून पाहिला. खोटा वाटत नव्हता.

सलीम मात्र डोकं खाजवत पडद्याला नाक लावून उभा होता. एकदम त्याने कपाळावर हात मारला.

"ताई, आपण गाढव आहोत! हा विंचरलेला भावपट आहे. सुवेळने नंतर बोनस दिला होता ना, एकावर एक?"

"मग?"

"एका पोळीचे दोन तुकडे केले, तर पोळी वाढत नाही, तुकडा लहान होतो. एका शेअरचे दोन झाले, भाव निम्मा झाला. आता आलेखात भाव एकदम कोसळल्यासारखा दिसू नये, म्हणून बाजार मागचे सगळे भावही निम्मे करून ठेवतो आणि शेअर दुप्पट. तुलना करायला ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी खरोखर काय घडलं, ते त्यात दिसत नाही. फोनवरही तोच विंचरलेला भाव असतो. आपल्याला कच्चा भावपट पाहिजे. त्या दिवशीचा, त्या दिवशी लिहिलेला."

"म्हणजे आठ म्हणजे..."

"सोळा!"

कुमुदिनीबाई उठल्या. "चला, मला घरी जायचंय. डाळ भिजत घालायची आहे."

"आई, आत्ता?"

"डाळ काय यंत्र भिजवणार आहे?"

पण सलीमने यंत्रात कच्चा भावपट घातलाही होता. अक्षरं झरझर उमटू लागली. एक शेअर, सोळा रुपये, अकरा वाजून सात मिनिटं. घेणारा हात: दिगंबर शेवडे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. असे एकशे त्रेचाळीस दिवस, त्यात एकदाच वेळ दुपारची पावणेतीनची. त्या दिवसांत सुवेळमध्ये दुसरा एकही सौदा नव्हता.

"आता कळलं," सलीम हळू आवाजात म्हणाला. "त्या वेळी नियम होता, ताई. महिनाभर एकही सौदा झाला नाही, तर कंपनीचं नाव बाजाराच्या फळ्यावरून पुसायचं. बाबांनी नाव पुसू दिलं नाही. मग चांद्रवस्तीला घड्याळं पाहिजे झाली, कंपनी फळ्यावर होती म्हणून तिला भांडवल मिळालं, आणि मावशींच्या तेवीस जणी तरल्या."

तरल्या म्हणजे काय, भिशीतल्या रुक्मिणीबाई पाटलिणींनी शेअरच्या पैशावर चंद्राची सहल केली आणि परत येऊन म्हणाल्या, "धूळच धूळ. झाडायला कुणी नाही."

हेमांगीने डोळे पुसले. "आई, झालं ना? आता मी बाबांना आणते."

"आण, आण. आणि ते यंत्र बंद करा. वीज जळते."

सलीमचं बोट बंदच्या बटणावर गेलं आणि तिथेच थबकलं. दलालाची जुनी खोड.

"ताई, पण सौद्याला दोन हात लागतात. बाबांनी एकशे त्रेचाळीस दिवस घेतले. मग दिले कुणी?"

"कशाला पाहिजेत लोकांच्या चौकशा?" कुमुदिनीबाई कडाडल्या. "असेल कुणी गरजू!"

पण सलीमने बटण दाबलं होतं.

विकणारा हात: कुमुदिनी शेवडे.

हेमांगीने आईकडे पाहिलं. आई मेथीकडे पाहत होती.

"डब्यावर हात ठेवून शपथ घातली होती तेवीस जणींना," कुमुदिनीबाई शेवटी बोलल्या. "आणि चौथ्याच दिवशी पडद्यावर दिसलं, एक कुणीतरी एकच शेअर मागतोय, आणि देणारं कुणी नाही. देणार कोण? मीच सगळ्यांचे हात बांधले होते. दिला नसता, तर भाव लागला नसता, नाव पुसलं असतं. म्हणून दिला एक. दुसऱ्या दिवशी तो वेडा परत हजर. मग रोज पूजा आटपून दार लावून बसायचे. तो कोण, मला ठाऊक नव्हतं गं."

"मग मी बाबांचा निरोप आणला तेव्हा? सोळा रुपये, अकरा वाजून सात? आई, तू स्वतः सोळाला विकत होतीस! तुला तर त्याच क्षणी कळलं असणार!"

"कळलं."

"आणि आठ म्हणालीस?"

"फोनवर आठच दिसत होतं. मी खोटं नाही बोलले." मग आवाज खाली आला. "काय सांगणार होते? की तू खरा आहेस, कारण शपथ मोडणारी मी आहे? घर सोडायला त्याला लावलं, आणि विकत होते मी."

सलीम खाकरला. "मावशी, नवरा-बायकोंनी आपसात सौदे करून भाव जिवंत ठेवला, तर बाजार त्याला संगनमत म्हणतो. गुन्हा आहे."

"संगनमत? आमचं?" बाई उसळल्या. "अरे, आम्ही बोलत नव्हतो!"

हेमांगी हसायला लागली, आणि हसता हसताच तिने मिरजेला फोन लावला. आवाज मोठा ठेवला.

"बाबा, यंत्राने सगळं दाखवलं. तुम्ही खरे आहात."

"ते मला माहीत आहे," दिगंबरराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हेमा, यंत्राला तो दुसरा माणूस सापडतो का गं? मला विकायचा तो. बरा आहे ना? रोज अकरा सातला हजर असायचा बिचारा. त्या सात महिन्यांत तेवढीच काय ती सोबत होती मला. एकदाच चुकला. ऑगस्टात. मी उपाशी बसून राहिलो स्क्रीनसमोर. पावणेतीनला आला. मला वाटलं, कंटाळला. रागावला."

हेमांगीने तोंड उघडलं, पण फोन तिच्या हातात नव्हता. तो मेथीच्या वासाच्या हातात गेला होता, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कुमुदिनीबाई नवऱ्याशी बोलत होत्या.

"त्या दिवशी लाइट गेली होती," त्या म्हणाल्या.

पलीकडून दिगंबररावांचा आवाज आला, अगदी लहान. "रागावली नव्हतीस?"

"रागावलेच होते," बाई म्हणाल्या. "पण देत होते ना रोज?"