चार बोटांची बालदी

त्या दिवशी सकाळपासून मळभ धरलं होतं. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. नुसता उकाडा, आणि लाटंबार्शाच्या बागायतीत शेवटचे काजूचे बोंडू कुजत पडलेले, त्यांचा आंबूस वास पार रस्त्यापर्यंत आलेला. अशा हवेत आगळ करणाऱ्याचा जीव खालीवर होतो. खाली भिरंडांची सालं वाळत पसरलेली, वर आभाळ भरलेलं, आणि आभाळाचा काही भरवसा नाही. कृष्णनाथाने भावजय यशोदेला सालं आत घ्यायला सांगितली, धुतलेला सदरा अंगात घातला, आणि सून क्षमा हिच्या स्कूटरवर मागे बसून तो डिचोलीला मशीन बघायला निघाला.

काम तसं साधंच. भिरंडं, म्हणजे आपली कोकमं, मिठात मुरवून त्यांचा आगळ काढायचा, वीस लिटरच्या पांढऱ्या बालद्यांत भरायचा, झाकणं घट्ट बसवायची, आणि हॉटेलांना, जेवणावळीवाल्यांना पोचवायच्या. इतकी वर्षं हे सगळं हातानेच चालायचं. फक्त तो हात कृष्णनाथाचा नव्हता. महादेवाचा होता.

आता हा महादेव कोण ते आधी सांगतो. कृष्णनाथाचा पाठचा भाऊ. उमेदीत तो खाणीच्या ट्रकावर क्लीनर होता. एकदा मागचा फाळका पडला आणि उजव्या हाताची करंगळी मुळापासून गेली. मग ट्रक सोडून तो भावाच्या शेडीत आला. जागा कृष्णनाथाची, परवाना कृष्णनाथाच्या नावाचा, पण झाकण बसवावं ते महादेवाने. आधी समोरासमोरच्या कडा दाबायचा, मग आडव्या बाजूच्या, आणि शेवटी मधोमध तळहात टेकून हळूच भार द्यायचा. आतली हवा सुस्कारा टाकल्यासारखी निघून जायची आणि झाकण टप्प करून बसायचं. मग बालदी उलटी करा, आडवी करा, टेंपोत नाचवा, थेंब गळायचा नाही.

हात आगळाने लाल झालेले असायचे. त्यामुळे प्रत्येक पांढऱ्या झाकणावर मधोमध एक लाल हात उमटायचा. चार बोटांचा.

आचारी लोक तेवढं बघायचे. "चार बोटांची हा मा?" म्हणून विचारायचे आणि तीच उचलायचे. कृष्णनाथही झाकणं मारायचा, त्याच्याही हाताचा शिक्का उठायचा, चांगला पाच बोटांचा. पण त्याची बालदी कुठेतरी एका अंगाने पाझरायची. टेंपोवाला चार बोटांच्या आधी चढवायचा आणि पाच बोटांच्या दाराशी ठेवायचा, वर म्हणायचा, "काका, ह्यो सांडल्यो तरी रस्त्यार सांडतल्यो." सगळे हसायचे. कृष्णनाथही हसायचा.

हेवा तांदळातल्या सोंड्यासारखा असतो. बाहेरून पोतं भरलेलंच दिसतं.

बरं, भाऊ वाईट असता तर राग तरी करता आला असता. पण लहानपणी साकवावरून शाळेला जाताना हा महादेव थोरल्याचं मनगट असं धरायचा की पलीकडे पोचलं तरी सोडायचा नाही. कृष्णनाथ चिडायचा, हिसडे द्यायचा, तरी सोडायचा नाही. गेल्या चवथीनंतर तापाने तो गेला, तेव्हाही इस्पितळात त्याने तेच मनगट धरलं होतं. नर्सबाईला एकेक बोट सोडवावं लागलं. चारच होती, तरी वेळ लागला.

तो गेला आणि बालद्या पाझरू लागल्या. एका नेहमीच्या हॉटेलवाल्याने निरोप धाडला की यंदा एक जरी बालदी गळली तरी पुढच्या हंगामापासून आगळ दुसऱ्याकडून घेऊ. म्हणून हे मशीन.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत रुद्रेश नावाचा तरुण मशीनं विकायचा. त्याने कृष्णनाथाला खुर्ची दिली, लिंबूसोडा दिला, आणि आधी एक लहान यंत्र दाखवलं.

"काका, हे दांड्याचं. झाकण ठेवायचं, दांडा ओढायचा, बसलं. वीज गेली तरी काम थांबत नाही."

"झाकण ठेवतलो कोण?"

"माणूसच."

"म्हणजे हात लागतलो."

"हात तर लागणारच, काका."

"मगे नको. दुसरा दाखय."

दुसऱ्यात वरून एक सपाट ताटली यायची आणि झाकण सगळ्या बाजूंनी एकदम दाबायची. पण भरण मात्र नळाखाली माणसाने धरून करायचं. कृष्णनाथाने तेही नको म्हटलं. तेव्हा रुद्रेश त्यांना आतल्या बाजूला घेऊन गेला. तिथे रुळांवरून बालदी आपली आपण पुढे जात होती. नळी तळापर्यंत उतरायची आणि रस चढेल तशी वर यायची, म्हणजे फेस धरत नाही. वजन भरलं की धार बंद. मग चळतीतून झाकण पडायचं, तिरपे रूळ त्याच्या कडा दाबायचे, ताटली मधोमध बसायची, आणि शेवटी ओतायच्या लहान तोंडाचं बूच एक चाक फिरवून आवळायचं.

"यात खयच हात नाय?" कृष्णनाथाने विचारलं.

"कुठेच नाही. बालदीला माणसाचा स्पर्श होतो तो थेट गिऱ्हाइकाचा."

क्षमा हळूच म्हणाली, "बाबा, आमचो माल तो केवढो. दांड्याचा पुरे होतला. ह्या भरूक लागला तर दिवसाचा काम दुपारीच सोपतला."

"सोपांदे," कृष्णनाथ म्हणाला.

रुद्रेशने पाणी भरलेली एक बालदी उलटी केली आणि म्हणाला, "काका, वर बसा." कृष्णनाथ बसला. फरशी कोरडी राहिली. त्याने वाकून झाकणाकडे पाहिलं. पांढरं, नितळ, कोणाचंच नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की तो उठायलाच विसरला. सून म्हणाली, "बाबा, बालदी विकत घेवक नाय आसा, मशीन घेवचा आसा."

मशीन बसलं. पहिला घाणा निघाला तेव्हा बालद्या देवळापुढच्या पोरांसारख्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. कृष्णनाथाने फडक्याने एकेक झाकण पुसलं, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. महादेवाची बायको यशोदा दाराशी उभी राहून बघत होती.

"पांढरीफटक दिसतात," ती म्हणाली.

"तशीच होयी माका."

ती पदर सावरून सालांकडे गेली.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग कारापूरचा बाबुराव, जेवणावळीची कंत्राटं घेणारा, त्याचा फोन आला. माणूस खुशीत होता.

"किस्नाथबाब, युक्ती बरी केलीस. मशीन हाडलंस तरी महादेवाची खूण सोडूक नाय. आणि ती पण आतल्यान. कोणी नक्कल करीत म्हटला तरी जमाचा नाय."

"खंयची खूण?"

"चार बोटांची मरे. झाकणाच्या आतल्यान. बालदी पण गळाक नाय हां. महादेव असतानाची आठवण झाली."

कृष्णनाथाने फोन खाली ठेवला. शेडीत भरून ठेवलेल्या बालद्या होत्या. त्याने पहिलीची कड सुरीने उचकटली आणि झाकण उलटं केलं.

आतल्या बाजूला लाल हात होता. तळव्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या, आणि करंगळीच्या जागी काही नव्हतं. रस तर गळ्याच्या कितीतरी खाली होता. त्याने दुसरी उघडली. तिसरी. सगळ्यांत तोच. एकही हात वाकडा पडलेला नव्हता.

क्षमाने रुद्रेशला बोलावून घेतलं. त्याने ताटली काढली, हात फिरवून पाहिलं, झाकणांची चळत उपसून एकेक उजेडात धरलं. "झाकणं कोरी आहेत, काका. ताटली सपाट आहे. आणि ती दाबते बाहेरून..." तो चहा न घेताच गेला.

यशोदा तेवढ्यात तिथे आली होती. तिने खाली ठेवलेलं एक झाकण उचललं, त्या लाल हातावर आपला तळहात टेकला, आणि तशीच राहिली. मग थोरल्या दिराकडे न बघता म्हणाली, "ही धुवू नकात."

भीती वाटायला हवी होती तिथे कृष्णनाथाला वाटला तो संताप. एवढं मशीन आणलं. कोणाचा हात लागू नये म्हणून सुनेचं ऐकलं नाही. आणि हा मेल्यावरही आपल्या आधी येऊन बसला. बाहेर जागा नाही तर आतून. बाबुरावाच्या फोनमध्ये एकदा तरी कृष्णनाथाच्या हाताचं नाव आलं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणवेळेला त्याने सगळ्यांना घरी धाडलं. मशीनची वीज बंद केली. शेडीचं दार ओढून घेतलं. पुन्हा मळभ होतं. पत्रा तापून मधूनच कडकड करायचा आणि गप्प व्हायचा. आगळाचा आंबट-खारट वास असा दाटला होता की जीभ आपोआप ओली होत होती. आमच्याकडे तिनसांजेला जपतात तसं भर दुपारीही जपतात, पण रागावलेल्या माणसाला वेळ कुठली दिसते.

त्याने साबणाने हात धुतले, कोरडे केले, उलटसुलट करून पाहिले. डाग म्हणून नव्हता. जुन्या पिंपाच्या तोटीखाली एक बालदी भरली, फेस निवू दिला. झाकण ठेवलं. समोरासमोरच्या कडा दाबल्या. मग आडव्या. महादेव दाबायचा तशाच. मग मधोमध तळहात टेकला आणि भार दिला.

झाकण दबलं नाही.

त्याने आणखी भार दिला. प्लास्टिक पातळ असतं, हाताला पलीकडचं कळतं. पलीकडे... काहीतरी होतं. रस नव्हे. रस ढवळतो. हे स्थिर होतं. त्याच्या तळव्याला तळवा, बोटांना बोटं... करंगळीखाली मात्र झाकण मऊ लागत होतं. तिथे खाली काही नव्हतं.

"महादेवा," तो पुटपुटला, "ही एक माझी. एकच... सोड."

पत्रा कडाडला. आतला दाब हळूहळू सैल झाला. मग सुस्कारा सुटल्यासारखी हवा निघाली, आणि झाकण टप्प करून बसलं.

तसा आवाज त्याच्या हातून उभ्या जन्मात निघाला नव्हता.

त्याने हात उचलला. झाकण पांढरं होतं. बालदी उलटी करून तो तिच्याकडे बघत बसून राहिला. माणसं जेवून परत आली, मशीन सुरू झालं, चार वाजताचा चहा झाला, तरी खालची जमीन कोरडीच. मग त्याने ती स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि शेजारच्या बाबलीच्या घरी नेली. बाबलीच्या मुलीचं लग्न होतं, सोलकढीला आगळ लागणारच होता. हा बाबली महादेवाच्या बरोबरीचा, त्याच्या तिरडीला खांदा दिलेला.

"ही माझ्या हातची," कृष्णनाथ म्हणाला. "मशीनची नाय, कोणाची नाय. उघडशीत तेव्हा बघ, गळ्याबाहेर थेंब येवक नाय."

"तुझ्या हातची आणि गळाक नाय?" बाबली हसला. "सूर्य खयसून उगवलो म्हणायचो?"

"तू उघड तर खरो. मगे माका सांग. चार लोकांतही सांग."

त्या रात्री कृष्णनाथ समाधानाने जेवला. फक्त उजवं मनगट जरा दुखत होतं, गार पडल्यासारखं. झाकण दाबताना ओढ बसली असेल, असं म्हणून त्याने खोबरेल चोळलं. तेल चोळूनही ऊब येईना. पहाटे जाग आली ती मनगट हिसडतानाच.

लग्नाच्या सकाळी मांडवात ताशे वाजत होते. कृष्णनाथ नवा सदरा घालून अंगणात उभा होता. बाबली काय म्हणतो याची वाट बघत होता असं म्हटलं तरी चालेल. आचाऱ्याने आगळाची बालदी उघडली असेल, चार माणसं भोवती असतील, कोणीतरी म्हणालं असेल, वा.

कुंपणाच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाबली आला. मुलीचा बाप, डोक्याला फेटा, पण पाय ओढत आल्यासारखा. हातात पांढरं झाकण होतं, पोटाशी पालथं धरलेलं. कृष्णनाथाला हसू आवरेना.

"काय रे, गळली?"

"नाय. थेंब गळाक नाय."

"मगे? आतल्यान हात उठलो?"

"उठलो."

"चार बोटांचो?" कृष्णनाथाने विचारलं.

"नाय रे. पाच बोटांचो."

कृष्णनाथाने आपला उजवा हात उघडून पाहिला. धुतलेला, कोरडा. एवढ्या वर्षांत त्याला जे हवं होतं तेच हे. त्याने झाकणासाठी हात पुढे केला. बाबलीने झाकण दिलं नाही. तो कृष्णनाथाच्या मनगटाकडे बघत होता, मग पोटाशी धरलेल्या झाकणाकडे, मग परत मनगटाकडे. ताशे थांबले होते.

"पाच बोटां तुझीच, किस्नाथा," बाबली हळू म्हणाला. "पण महादेवान तुझा मनगट धरून ठेवल्यान हा."