साध्या बशीतली अंडी

सत्त्याऐंशी सालचा भाद्रपद. जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत सुनंदाच्या मांडीवरच्या बरणीचं झाकण सटकलं आणि कपाशीवरचा एक तांबडा ढेकूण शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या कॉलरवर चढला.

“हलू नका,” ती म्हणाली.

“चावतो का?”

“नाही. पण मला तो हवाय, कॉलेजातल्या प्रयोगासाठी...”

“मग मीच येतो ना त्याला घेऊन — कॉलेजपर्यंत.”

दिवसभर कपाशीची शेतं धुंडाळून दमलेली असूनही तिला हसू फुटलं. वाल्मीक त्याचं नाव, जळगावच्या पाटबंधारे कचेरीत कारकून. मग काय, दर शनिवारी स्वारी धुळ्याला तिच्या प्रयोगशाळेत हजर. तिनं त्याला समजावलं, की किड्याला लहानच ठेवणारं एक हॉर्मोन असतं. तेच ताज्या अंड्यावर कणभर लावलं, तर आतलं पिल्लू अर्धवट घडून अडकतं, बाहेरच येत नाही. दुसऱ्या बशीतल्या, हॉर्मोन न लावलेल्या साध्या अंड्यांतून मात्र पिल्लं निघायला हवीत, तरच प्रयोग खरा. ती सांगायची आणि हा बाबा अंड्यांकडे कमी, तिच्याकडेच जास्त बघायचा.

त्या हंगामात साधी अंडीही फुटली नाहीत. तीन वर्षं ढेकणांमागे उन्हातान्हात फिरून सुनंदाचा जीव मेटाकुटीला आला होता. आपल्या हातालाच यश नाही, असं तिनं ठरवून टाकलं. जळगावच्या एका शाळेत नोकरी चालून आली होती. सोमवारी होकार कळवते, असं तिनं वाल्मीकला सांगितलं. तो खुलेल असं तिला वाटलं होतं, पण त्याचा चेहराच उतरला.

“चूक तुमची नाही,” तो म्हणाला. “अंडी मांडलीत त्या शनिवारी तुम्ही टेबलावर डोकं टेकून झोपला होतात. साधी अंडी बशीच्या कडेला गेली होती... मी ती ब्रशनं मधे घेतली. ब्रश हॉर्मोनच्या बशीतला होता.”

एवढ्या मेहनतीवर या माणसानं पाणी फिरवलं होतं, आणि तेही मायेनं. तिला राग आला, रडूही आलं.

“गप्प बसला असतात, तर मी जळगावला आले असते.”

“माहीत आहे. म्हणून तर झोप नाही...”

तिनं दोन्ही बशा धुवायला घेतल्या. मग म्हणाली, शाळेला नकार कळवते, सगळं पहिल्यापासून करते. वाल्मीकनं मान खाली घातली आणि तो दाराकडे निघाला.

“वाल्मीक,” तिनं थकल्या आवाजात पहिल्यांदाच नावानं हाक मारली, “तुम्ही मला आवडता. मी काही जळगावला येत नाही... तुम्ही धुळ्याला बदली मागा.”