देस्सेच्या बसमधली खिडकी

माझं कुणी खरं मानलं नाही. चार इयत्ता शिकलेली बाई, त्यात बहीण गेलेली, डोकं फिरलंय म्हणाले. म्हणू देत. तुम्ही ऐका.

माझी धाकटी बहीण, अस्नाकेच, डोंगरात देस्सेला थोरल्या भावाजवळ राहायची. भावाचा फोन आला, तिला जरा बरं नाही, ये. आमच्यात मरण फोनवर सांगत नाहीत. आजारी आहे म्हणून बोलावून घेतात आणि पहाटे सगळे जमून मग सांगतात. म्हणून मी त्याला देवाची शपथ घ्यायला लावली. "जिवंत आहे ना?" आहे म्हणाला. त्या शपथेवर मी अदिस अबाबाहून बसमध्ये चढले.

मी खिडकीशी. शेजारी एक बाई येऊन बसली. पांढरी शाल तोंडावर ओढलेली, काठ वर गळ्याशी, दुखवट्यात घेतात तशी. बस घाट चढू लागली, काचेला धुकं लागलं, तशी ती हळूच म्हणाली, "ताई, खिडकी जरा उघड."

आमच्या बसमध्ये खिडकी उघडली की भांडण. वारा छातीत बसतो आणि माणूस जातो, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मी म्हटलं, "घुसमटत असेल तर टपावर जाऊन बस, बकऱ्या आहेत सोबतीला." मागचा म्हातारा खुदकन हसला. ती हसली नाही. तिच्या अंगाला कोळशाचा वास येत होता.

देब्रे बिरहानच्या थांब्यावर मी भाजलेले जव घेतले, मूठभर तिच्यापुढे धरले. तिनं हात पुढे केला नाही. एवढ्या भरल्या बसमध्ये मला एकदम एकटं वाटलं. मला ताई म्हणणारं अस्नाकेचशिवाय होतं कोण...

मग तारमाबेरचा बोगदा आला. दिवसाढवळ्या मिट्ट काळोख. ड्रायव्हरनं आतले दिवे लावलेच नाहीत. कोळशाचा वास इतका दाटला की डोळे चुरचुरले. माझ्या अंगावरून एक हात काचेकडे गेला. मी तो धरणार, तर त्यानंच माझं मनगट धरलं. गार...

"ताई... मी आतून ढकलत होते. त्यानं दाराला बाहेरून कडी घातली, खिडकीला ओंडका लावला."

"कुणी?"

तिनं नाव सांगितलं.

बस उजेडात आली. शेजारी माझं गाठोडं होतं, बाकी कुणी नाही. म्हातारा म्हणाला, ते अदिसपासून तिथंच आहे, आणि तू मघापासून त्याच्याशी भांडतेयस.

देस्सेला पहाटे अंगण माणसांनी भरलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी हंबरडा फोडला. कॉफीची कोळशाची शेगडी, बंद खोली, धुरानं झोपेतच गेली म्हणाले. थंडी वाजते म्हणून खिडकी तिनंच लावून घेतली, असं भाऊ येईल त्याला रडत रडत सांगत होता. मी खोलीत गेले. खिडकीची फळी बाहेरच्या बाजूला उघडणारी. आतून तिच्यावर काळी बोटं उमटलेली, खालपासून वरपर्यंत. बाहेर जाऊन पाहिलं. खिडकीखाली ओंडका पडलेला.

"फळी वाऱ्यानं आदळते म्हणून," भाऊ मागून म्हणाला.

मी विचारलंच नव्हतं.

माझ्या मनगटावर पाच काळी बोटं आहेत. साबणानं जात नाहीत, राखेनं जात नाहीत. शेगडीचं काळं असेल म्हणतात. कुणाचं काम म्हणून विचारलं, की बोगद्यात ऐकलेलं नाव मी सांगते. आमच्या थोरल्याचं.

देमिस्से.