सीलबंद खोक्यातला भुसा

"सगळ्यात भारी प्रोसेसर घेतला, तर उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड येणार नाही. कार्डाचा फोटो येईल," गिरकी म्हणाली.

"मुद्दा असा आहे," वकिलाने बोट वर केलं, "प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. मेंदूच्या बाबतीत काटकसर करायची नसते."

"तुझ्या बाबतीत झालीच की."

"मला रंगीत दिवेवालं कार्ड हवंय," शेपूट मधेच म्हणाला.

"दिव्यांनी गेम पळत नाही रे."

"पण छान दिसतं."

काकांच्या दुकानात सकाळपासून हेच चाललं होतं. गिरकी आठवीतली. एका जागी उभं राहणं तिला माहीत नव्हतं, म्हणून गिरकी. वकील तिचा चुलतभाऊ, तिच्याहून वर्षाने लहान. तो जेवतानासुद्धा मुद्दे मांडायचा. आणि शेपूट म्हणजे गिरकीचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे तिच्या मागे. सुट्टी लागली की तिघं काकांकडे यायचे. काकांचं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान होतं; पुढे दुकान, मागे घर आणि मधे कामाची खोली. या सुट्टीत तिघांनी वर्षभर साठवलेल्या पैशांतून गेम खेळायचा संगणक जोडायचा, असं ठरलं होतं.

काका हातातला पेचकस खाली न ठेवताच म्हणाले, "हे बघा. प्रोसेसर गेमचा हिशेब करतो. कोण कुठे पळालं, गोळी कुणाला लागली. ग्राफिक्स कार्ड ते सगळं चित्रात काढून पडद्यावर दाखवतं. एक धावतोय आणि दुसरा पेंगतोय असं झालं की पैसे पाण्यात. दोघांची चाल जुळली पाहिजे."

"मग कुणावर जास्त खर्च करायचा?" गिरकीने विचारलं.

"गेमच खेळायचे असतील तर कार्डावर. प्रोसेसर मधला घ्या. आणि दिवे लावायचेच असतील, तर खोलीत लावा."

शेपूट हिरमुसला, पण यादी एकदाची ठरली. प्रोसेसर बसवताना काका स्वतः शेजारी उभे राहिले. कार्ड बसवायच्या वेळी मात्र त्यांना गिऱ्हाइकाचा फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. काकूने फळीवरून कार्डाचं खोकं काढून दिलं. वर घट्ट, चकचकीत प्लॅस्टिकचं वेष्टण होतं.

"एकदम नवीन आहे हं. जपून फोडा," ती म्हणाली.

कार्ड बसलं, पंखे फिरले, पडद्यावर डोंगर उगवला. शेपटाने गेममधला घोडा पळवायला सुरुवात केली. घोडा नदीपर्यंत पोचला, अडखळला, आणि पडदा काळा झाला.

"तू काय केलंस?" वकील ओरडला.

"घोडा पळवला. गेमच घोडा पळवायचा आहे."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा नदी, पुन्हा काळोख. गिरकीने वीज बंद केली, कार्ड हळूच उपसलं आणि लगेच दुसऱ्या हातात घेतलं. चटका बसत होता. ते निवल्यावर तिने पंख्यांमधून आत डोकावलं. धातूच्या पातळ पट्ट्यांच्या मधे पिवळसर काहीतरी ठासून भरलं होतं. शेपटाने नाक लावलं.

"पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा वास येतोय."

गिरकीने ते चिमटीत धरलं. लाकडाचा भुसा. नुकत्याच फोडलेल्या, सीलबंद, नव्याकोऱ्या खोक्यातल्या कार्डात भुसा!

तेवढ्यात दुकानातून एका मुलीचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात असं काही होतं की तिघंही दाराशी गेले.

काउंटरपाशी कॉलेजातली एक उंच ताई उभी होती. तिच्यापुढे तसंच खोकं होतं. काका नुकतेच फोन संपवून आत आले होते.

"काका, मी शिकवण्या घेऊन हे कार्ड घेतलं," ती सांगत होती. "आठवडाभरात बंद पडलं. म्हणून आत बघितलं, तर भुसा. हे वापरलेलं कार्ड आहे. तुम्ही ते नवीन म्हणून विकलंत."

"अहो, शक्यच नाही. आमच्याकडे..."

"मीच वर्गातल्या सगळ्यांना सांगितलं होतं, या दुकानात फसवत नाहीत. आता त्यांना काय सांगू, ते तुम्हीच सांगा. मी संध्याकाळी पाचला येते. उत्तर मिळालं नाही, तर मला जे दिसलं तेच सांगेन."

ती गेली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आत बघायचंही न सुचता त्यांनी ते खोकं बाजूला सरकवलं. "ठोक व्यापाऱ्याचंच काम हे. इतक्या वर्षांचा संबंध, आणि मला जुना माल खपवतो? दुकानाचं नाव गेलं तर राहिलं काय माझ्याकडे?" असं पुटपुटत ते फोन शोधू लागले. फोन त्यांच्या हातातच होता.

मुलं मागच्या दाराने बाहेर पडली.

"मुद्दा असा आहे," वकील म्हणाला, "व्यापाऱ्याच्या गोदामात भुसा कुठून येईल? भुसा सुताराकडे असतो."

"आणि बसथांब्यामागच्या गल्लीत सुतार आहे. काल दुपारी इथे येताना बसमध्ये मला त्याच्या करवतीच्या आवाजानेच जाग आली," गिरकी म्हणाली. "चला."

सुतार फळीवर रंधा मारत होता. गिरकीने मुठीतला भुसा पुढे केल्यावर तो हसला. "माझाच माल मला दाखवायला आणलात? पोतंभर पडलाय, हवा तेवढा न्या."

"तुमच्याकडे संगणक आहे का हो?" वकिलाने विचारलं.

"माझ्याकडे? मला फोनवर घरच्यांचा आवाज नीट आला तरी पुष्कळ." त्याने वर बोट दाखवलं. "वर होते की ढीगभर. गेम खेळायचा हॉल होता तिथे. दर थोड्या दिवसांनी एखादं मशीन बंद पडायचं, मग मालक माझ्याशी भांडायला यायचा, तुझ्या भुशाने माझी यंत्रं मरतात म्हणून. मी म्हटलं, बाबा, करवत तुझ्या आधीपासून इथे आहे. शेवटी कंटाळून हॉल बंद केला त्याने."

"मग ते संगणक?"

"विकले. त्या चौकातल्या संगणकवाल्याला. हातगाडीवाला येऊन सगळं भरून घेऊन गेला."

चौकात संगणकाचं दुकान एकच होतं.

गिरकी जागच्या जागी उभी राहिली. तिला असं स्तब्ध उभं राहिलेलं शेपटाने आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्याला भीतीच वाटली.

"म्हणजे आपल्या काकांना?" तो म्हणाला.

हेच काका गिऱ्हाइकाच्या खिशातून पडलेलं नाणं द्यायला रस्त्यापर्यंत धावत जायचे. परतताना वकिलाने एकही मुद्दा मांडला नाही.

"सरळ विचारू या," शेपूट म्हणाला.

"आणि ते हो म्हणाले तर?" गिरकी म्हणाली.

घरी आल्यावर कामाच्या खोलीच्या दारातून त्यांनी पाहिलं, आणि उरलासुरला धीरही सुटला. टेबलावर खोकी रचलेली होती. काका कानाला फोन लावून एकेका खोक्यावर पातळ प्लॅस्टिक चढवत होते आणि गरम हवेच्या यंत्राने ते आवळत होते. चकचकीत, घट्ट, अगदी नव्यासारखं. आणि हे सगळं उघड्या दाराने, अगदी बिनधास्त.

तिघं जिन्याखाली जाऊन बसले. शेपटाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"थांब, रडू नकोस," गिरकी म्हणाली. "फसवणारा माणूस दार लावून घेईल की नाही? काका आत काय आहे ते बघून सील करतायत की न बघता, तेवढं कळलं पाहिजे. तुझी चप्पल दे."

"माझीच का?"

"कार्डाएवढी तुझीच आहे."

काका फोनवर बोलत खिडकीकडे वळले, तेव्हा गिरकीने चप्पल घातलेलं एक रिकामं खोकं टेबलावरच्या ढिगात सरकवलं. मग तिघं उघड्या दाराआडून बघत बसले. काकांनी एक खोकं उचललं, सील केलं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. "आजपासून तुमचा माल बंद," ते फोनवर म्हणाले आणि चपलेचं खोकं हातात घेतलं. उघडलं नाही, हलवूनही पाहिलं नाही. प्लॅस्टिक चढलं, गरम हवा फिरली, चप्पल सीलबंद झाली.

थोड्या वेळाने काकू आली. सील केलेली खोकी तिने पदराने पुसली, दुकानात नेली आणि 'नवा माल' लिहिलेल्या फळीवर ओळीत लावली.

दाराआड तीन तोंडं उघडीच राहिली.

"काकांना माहीतच नाही," वकील कुजबुजला. "काकूलाही माहीत नाही."

"आणि दोघांनी एकमेकांना कधी विचारलेलंच नाही," गिरकी म्हणाली.

पाचला उंच ताई आली. काका खुर्ची पुढे करत म्हणाले, "चूक आमची नाही हो. व्यापाऱ्याने..."

"काका, ताईंना आधी नवीन कार्ड दाखवा ना," गिरकी मधेच म्हणाली. "फळीवर उजवीकडून दुसरं."

काकांनी खोकं उतरवलं. "हे बघा. अजून सीलही फोडलेलं नाही," असं म्हणत त्यांनी ब्लेडने प्लॅस्टिक कापलं, झाकण उघडलं, आणि निळ्या पट्ट्याची, अंगठ्याशी झिजलेली चप्पल बाहेर काढली.

काका चपलेकडे बघत होते, उंच ताई काकांकडे.

"ही माझी आहे," शेपूट म्हणाला. "पण ती नवीन नाहीये."

काकू पुढे आली. "अगंबाई, हे मीच लावलं फळीवर. पण सील होतं की याला. सील असलं म्हणजे नवीनच ना?"

"सील धूळ बसू नये म्हणून करतो मी," काका म्हणाले. "गिऱ्हाइकं रिकामी खोकी इथेच टाकून जातात. त्यात मी जुना माल भरतो, सावकाश साफ करू म्हणून. तू तो विकलास?"

"तुम्ही मला सांगितलंत कधी?"

"तू विचारलंस कधी?"

गिरकीने सुताराची आणि हॉलची हकीकत सांगितली. काकांनी माल हातगाडीवाल्याकरवी मागवला होता. हॉलच्या खाली सुतार आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि एकही कार्ड त्यांनी उघडून पाहिलं नव्हतं. धूळ बसू नये म्हणून त्यांनी भुसाच सीलबंद करून ठेवला होता. ऐकता ऐकता ते मटकन स्टुलावर बसले.

"पण हे सगळं तुम्ही मला सरळ का नाही विचारलं?" ते मुलांना म्हणाले.

वकिलाने तोंड उघडलं. "मुद्दा असा आहे..."

"आम्हाला वाटलं, तुम्ही फसवताय," शेपूट म्हणाला. "म्हणून भीती वाटली."

चप्पल पाहून बसला नव्हता एवढा धक्का काकांना आता बसला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते उठले, उंच ताईसमोर गेले आणि म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. व्यापाऱ्याची नाही, दुसऱ्या कुणाचीच नाही. तुमचे पैसे आत्ता परत घ्या. हवं तर नवीन कार्ड घ्या, पण तुमच्या डोळ्यांसमोर उघडून."

उंच ताईने पिशवी खाली ठेवली. "आधी फळीवरची सगळी खोकी उघडू. मीही मदत करते."

सगळे जमिनीवर बसले. नवी कार्डं एकीकडे, भुशाची दुसरीकडे. काकूने प्रत्येक जुन्या खोक्यावर जाड अक्षरांत 'वापरलेलं' असं लिहिलं. काकांनी व्यापाऱ्याला फोन लावून माफी मागितली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता आणि काका नुसते "खरं आहे, खरं आहे" म्हणत होते. मुलांनी स्वतःसाठी वापरलेलंच कार्ड निवडलं. ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने ते स्वच्छ केल्यावर शेपटाचा घोडा नदी ओलांडून थेट किल्ल्यात शिरला. वाचलेल्या पैशांत प्रोसेसर एक पायरी वरचा आला. वकील त्यानंतर अर्धा तास आपण कसे बरोबर होतो ते सांगत होता.

पण काकांचं काम संपलं नव्हतं. आणखी काही गिऱ्हाइकांकडे ती कार्डं गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवीन कार्डांची पिशवी घेऊन निघाले आणि म्हणाले, "तुम्हीही चला."

पहिल्या घराचं दार एका जाड मिशीच्या गृहस्थाने उघडलं. काका एकदा खाकरले.

"मी तुम्हाला जुनं कार्ड नवीन म्हणून दिलं. मुद्दाम नाही, पण दिलं. ते बदलून द्यायला आलोय."

गृहस्थ थक्क झाले. "माझं तर अजून चालू आहे. मला कळलंही नसतं."

"मलाही कळलं नसतं. या तिघांनी शोधून काढलं. माझ्यावर संशय आला तरी मागे हटले नाहीत."

गृहस्थांनी तिघांकडे नीट पाहिलं आणि दार सताड उघडलं. "आत या. अशी मुलं आणि असा दुकानदार एकदम दारात येण्याची मला सवय नाही."

शेपूट गिरकीच्या मागून निघाला आणि सगळ्यांच्या आधी आत शिरला.