टक्क्याची चूक

पहिली चूक मात्र अगदी खरीखुरी होती, शप्पथ!

औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं तयार करणारं ते ऑफिस, आणि ती तिथं नवीन. मलमात औषध किती, ते तिनं टाइप केलं, पुढे टक्क्याचं चिन्ह टाकलं आणि छापून बघते तर काय, पुढची अख्खी ओळ गायब! ती कपाळाला हात लावून बसली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतला एक जण चहाचा कप घेऊन चालला होता, तो थबकला. आजारी फायली बऱ्या करतो म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे.

"चिन्ह नुसतंच टाकलंत ना? मग यंत्राला वाटतं, इथून पुढचं छापायचंच नाही. त्याच्याआधी एक तिरपी रेघ द्या... हं, बघा."

ओळ परत आली. तो गेला, पण चहा तिच्याच टेबलावर विसरून.

एकदा सांगितलेलं कळू नये इतकी काही ती मठ्ठ नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा गायब. त्यानंतरही... आता काय म्हणावं या पोरीला!

"डॉक्टर, पुन्हा तेच हो..."

"तुम्ही माझा अंत बघताय."

"पेशंटवर असं चिडतात का?"

"चिडतोय कुठे? फी मागतोय. अर्धा कप चहा!"

त्या अर्ध्या चहाची तिला सवयच लागली. घरी आई म्हणायची, "हल्ली स्वारी फारच नटूनथटून निघते!" आणि ही आपली उगाच चपला शोधत बसायची.

मग एका दुपारी तो खुर्ची ओढून समोर बसला. नेहमीसारखा हसला नाही.

"तुमच्यासाठी एक मॅक्रो लिहिलाय. म्हणजे... एक छोटासा शब्द. तो टाकला की चिन्ह, रेघ, सगळं आपोआप नीट पडतं. आता मला हाक मारायला नको."

"फार त्रास दिला का मी?"

"छे हो! मी नोकरी सोडतोय. लग्न ठरलंय माझं... तिच्याच गावात काम मिळालंय. परवाच तिच्या घरी होकार कळवला."

'अभिनंदन' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "मी मुद्दाम चुकत होते."

"काय?"

"पहिली चूक सोडून सगळ्या... तुम्ही यावं म्हणून."

"हा मॅक्रो म्हणजे एका दुपारचं काम," तो हळूच म्हणाला. "मीच टाळत होतो. लिहिला असता तर इथं यायला निमित्त कुठलं उरलं असतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही कामापुरतं बोलावता."

"आणि मला वाटलं, तुम्ही चहापुरते येता!"

दोघंही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मेलं एवढं साधं बोलायचं होतं, तेही जमलं नाही.

"तो होकार... आता परत नाही का घेता येणार?" विचारताना तिची तिलाच लाज वाटली, पण तिनं विचारलं.

"तिचं काय चुकलं हो यात?" तो म्हणाला.

तो 'घेतो' म्हणाला असता तर तिला हवंच होतं. पण तसं म्हणणारा माणूस असता, तर तिनं त्याच्यासाठी एक ओळही घालवली नसती.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "जा तुम्ही."

तो गेला. आणि ती टेबलावर डोकं टेकून, कोण बघतंय याची पर्वा न करता, ढसाढसा रडली.